तीन बोटांवरची जागा

रविवारी सकाळी मेहरूणमधल्या घरात दोन दिवसांसाठी कानबाई देवी बसली. चौरंगावरच्या नारळाला नथ घालत असतानाच सुनंदाबाईंना मागच्या मोरीतून धाकट्या सुनेच्या ओकाऱ्या ऐकू आल्या. उजाडल्यापासूनची ही सहावी वेळ. त्यांनी नथ नीट बसवली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मनात म्हणाल्या, माय, आज आणि उद्या तेवढं कानावर घेऊ नको.

दमल्या होत्या त्या. कानबाईचे रोट म्हणजे काही खायचं काम नाही. खायचं आहेच, पण ते शेवटी. आधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, तो सोवळ्यानं दळायचा, मग पुरण शिजवून जाड गोड रोट लाटायचे, तुपावर भाजायचे, आणि ते भाऊबंदांतच खाऊन संपवायचे. परक्याला घास नाही आणि उष्टं टाकायची सोय नाही. सुनंदाबाई हे पस्तीस वर्षं करत आल्या होत्या आणि पस्तीस वर्षांत त्यांनी एकदाही 'मी थकले' म्हटलं नव्हतं. त्यामुळे घरातल्या बाकीच्या बायांनाही ते म्हणायची पंचाईत होती.

धाकट्या सुनेला, डिंपलला, दुसरा महिना सरत आला होता. तिसरा पुरा झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण त्या गल्लीत घराला घर लागून, आणि ओकारीवर काही पडदा टाकता येत नाही. शेजारच्या बेबाबाई कालच लिंबाचं लोणचं देऊन गेल्या होत्या, काही न विचारता. न विचारता दिलेलं लोणचं म्हणजे गल्लीला सगळं कळलं.

"काही राहिलं का पोटात?" सुनंदाबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"चहाचा एक घोट घेतला होता. तोही गेला," मोठी सून मोहिनी म्हणाली. ती डिंपलला काखेत हात घालून मोरीतून आणत होती.

"मले दोन पोरं झाली. दोन्ही वक्ती मी ओकत ओकत कापूस वेचला."

"हो आई. तुम्ही सांगितलंय."

"सांगितलंय म्हणजे खोटं आहे का?"

"नाही हो. खरंच आहे," मोहिनी म्हणाली. भांडायला सुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ती तीन रात्री धड झोपलेली नव्हती.

*

डिंपलच्या या उलट्यांना पंधरा दिवस होऊन गेले होते. पहिल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. त्या सुनंदाबाईंनी दोन दिवसांत बंद करून कपाटावर ठेवल्या, बाळाला लागतील म्हणून. तेव्हा मोहिनी पुढे झाली होती. तिला अॅक्युप्रेशर येत होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून, दोन शिरांच्या मधे एक जागा असते. तिथं अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, मग दुसरा हात. डिंपलला त्यानं बरं वाटायचं. अगदी थांबायचं नाही, पण मळमळ खाली बसायची, अर्धी पोळी जायची. मग तिच्या नवऱ्यानं, हितेंद्रनं, मेडिकलमधून पट्टा आणला, आतून पांढरं बटण असलेला, म्हणजे चोवीस तास दाब राहावा.

मोहिनी हे शिकली त्याची गोष्ट घरात कुणी काढत नसे. सहा वर्षांपूर्वी तिलाही दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात अंगावरून जायला लागलं तेव्हा सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, "होतं असं. पड थोडी." ती चार दिवस पडून राहिली. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी वाचलं असतंच असं नाही. हे वाक्य घरात सगळ्यांनी पाठ करून ठेवलं, मोहिनीनंही केलं. पण चार दिवसांत तिच्याजवळ येऊन कुणी बसलं नाही, त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. पुढे तिची झोपच उडाली. चाळीसगावहून तिचे वडील येऊन गेले, तिच्या नवऱ्यानं, योगराजनं, तिला कॉलनीतल्या अॅक्युप्रेशरच्या वर्गात घातलं. झोप आली नाही. दुसऱ्याला झोपवायची विद्या तेवढी आली.

आता तिनं डिंपलला मागच्या पायरीवर बसवलं, हात धुतले आणि तिचं मनगट मांडीवर घेतलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"हा पट्टा इथं कुणी बांधला?"

"आईंनी. काल संध्याकाळी. तुम्ही दळणात होतात," डिंपल म्हणाली.

शनिवारी कासारीण येऊन घरातल्या बायांना हिरव्या बांगड्या भरून गेली होती, हाताला डझनभर, घट्ट. पट्टा त्या बांगड्यांच्याही वर, जवळजवळ कोपरापाशी चढला होता.

"तीन बोटंच मोजली मी," सुनंदाबाई दारात येऊन म्हणाल्या. "बांगड्या संपतात तिथून बरोबर तीन."

"बांगड्यांपासून नाही आई, मनगटाच्या घडीपासून. आणि बोटं तिची धरायची, तुमची नाही."

"बोटं कोणाची का असेना. तीन म्हणजे तीन."

मोहिनीनं सासूची तीन बोटं डिंपलच्या हाताशेजारी धरून दाखवली. चाळीस वर्षं निंदणी-खुरपणी केलेली बोटं ती; सुनंदाबाईंच्या तिनात डिंपलची चार मावत होती.

हितेंद्र मागे उभा होता. "म्हणजे काल रात्री मी अलार्म लावून लावून उठलो, बटण दाबलं, ते सगळं रिकाम्या जागी?"

"तुझा व्यायाम झाला," मोहिनी म्हणाली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा डिंपल हसली, आणि लगेच तोंडावर हात धरून तिनं हसू गिळलं.

बांगड्या काढल्याशिवाय पट्टा जागेवर बसणार नव्हता. कानबाईच्या दिवशी सवाष्णीचे हात रिकामे करायला सुनंदाबाई तयार होईनात. बरीच घासाघीस होऊन एकेका हातात एकेक ठेवायची असं ठरलं. मोहिनीनं साबण लावून बाकीच्या उतरवल्या, डिंपलची स्वतःची बोटं तिच्याच मनगटावर आडवी ठेवून जागा धरली आणि अंगठा टेकवला.

"इथं दुखतंय?"

"दुखत नाही. आत काहीतरी जाणवतंय."

"मग हीच. श्वास सोड आता."

दहा मिनिटांनी डिंपलचा चेहरा जरा माणसात आला. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी तिनं चमच्या-चमच्यानं अर्धा पेला घेतलं आणि ते राहिलं. ती मोहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून चाळीस मिनिटं झोपली. घरात जणू सण आत्ता लागला. सुनंदाबाईंनी कानबाईपुढे खडीसाखर ठेवली. सासरे चुडामण, ज्यांना घरदार आबा म्हणायचं, दोनदा येऊन पाहून गेले.

"पाह्यलं? माझी कानबाई नवसाला पावते," सुनंदाबाई म्हणाल्या.

मोहिनी हलू शकत नव्हती, खांदा अवघडला होता. तिला समोर स्वयंपाकघरातलं रोटाच्या कणकेचं घमेलं दिसत होतं. काल गहू मोजताना तिनं पाहिलं होतं. आबा, योगराज, हितेंद्र, तीन पुरुष, तीन सव्वा मुठी. सुनंदाबाईंनी इकडेतिकडे पाहून चौथी घातली होती. अजून नखाएवढं नाही ते, मुलगा की मुलगी ठाऊक नाही, आणि त्याच्या वाट्याचा रोट आधीच दळला गेला. मोहिनीला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं, आणि भीती वाटली होती, त्या पोरीवर किती ओझं टाकतात हे लोक म्हणून.

दुपारी बाराला पहिला रोट तव्यावर पडला. तुपाचा आणि गुळाचा वास घरभर झाला, आणि डिंपल उठून धावली. लिंबूपाणी गेलं, मग पिवळं पित्त गेलं, मग नुसत्याच कोरड्या उबळी. मोहिनी दोन्ही मनगटं आळीपाळीनं दाबत राहिली, तिचा अंगठा लाल झाला. या वेळी काही उपयोग होईना.

"लघवीला कधी गेली होतीस?" तिनं हळूच विचारलं.

डिंपलला आठवायला वेळ लागला. "काल संध्याकाळी. थोडीच झाली. चहासारखी."

मोहिनीनं तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला तयार नाही. वर्गात बाईंनी बजावून सांगितलं होतं, हे दिसलं की अंगठा उचलायचा आणि गाडी बोलवायची.

*

हितेंद्र बँकेत नोकरीला होता. दिवसभर लोकांना सही कुठं करायची ते दाखवायचा. घरात त्याची सही कशावरच लागत नसे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं पडायचं.

बैठकीत कानबाईसमोर तो, आबा आणि आई होते. योगराज आत तव्यापाशी आईच्या जागी उभा होता, कारण रोट जळून चालत नाही. मोहिनी दारात आली.

"आई, डिंपलला आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल. उद्या नाही, आत्ता."

"काय झालं आणखी? सकाळी तर चांगली झोपली होती."

"अंगात पाणी राहिलं नाही. कालपासून लघवी नाही. उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी येते."

"उद्या सकाळी कानबाईची पाठवणी झाली की पहिलं तेच करू," सुनंदाबाई म्हणाल्या. "कानबाई बसली की या घरची सून उंबरा ओलांडत नाही. माझ्या सासूनं मले सांगितलं, तिच्या सासूनं तिले. माझा बाप वारला तो कानबाईचा रविवार होता, मोहिनी. बोदवड इथून किती लांब आहे? मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर नुसती राख होती."

ही गोष्ट हितेंद्रला माहीत होती. पण आईनं ती कधी अशी, सगळ्यांसमोर, काढलेली नव्हती.

"तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं," मोहिनी म्हणाली.

"ते मले नको सांगू. सकाळी तू दाबलं तर थांबलं ना? मग दाब आणखी. रात्रीपर्यंत दाब. पाहिजे तर मी बसते."

"मी आता दाबणार नाही."

सुनंदाबाईंना वाटलं आपण काही भलतंच ऐकलं. "काय?"

"मी दाबलं की तिला तासभर बरं वाटतं आणि तुम्हाला सगळ्यांना दिवसभर बरं वाटतं. मळमळ असती तर मी आठ दिवस दाबत बसले असते. पण पोटात थेंब टिकत नाही तर बोटानं कसं भागणार? मी दाबत राहिले तर तुम्ही उद्यापर्यंत थांबाल. म्हणून मी हात लावणार नाही."

"वा. चांगली विद्या शिकली. माणूस तडफडतं आणि ही हात आखडून बसते." सुनंदाबाईंचा आवाज चढला. थकलेल्या माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. "स्वतःचं टिकलं नाही, म्हणून हिचंही..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं. आत तव्यावरचं उलथनं थांबलं.

"सुनंदा," आबा म्हणाले, "तोंड आवर."

हितेंद्रनं वहिनीकडे पाहिलं. ती रडेल असं त्याला वाटलं. ती भिंतीला टेकली होती, एवढंच.

"मला काय म्हणायचं ते म्हणा आई," ती म्हणाली. "संध्याकाळी म्हणा, उद्या म्हणा, मी कुठं पळून जात नाही. आता फक्त गाडी काढायला सांगा."

"हितेंद्र, तू काय म्हणतो?" सुनंदाबाईंनी विचारलं.

गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं ती मुठीत धरली होती, दहा मिनिटांपासून. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

*

आतल्या खोलीत खाटेवर पडून डिंपलला शब्दन् शब्द ऐकू येत होता. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. या घरात मोठ्यांदा बोलायची वेळ तिच्यावर आलेली नव्हती आणि आणायचीही नव्हती. माहेरून निघताना आईनं तेवढं एकच शिकवून पाठवलं होतं. उशाशी फोन वाजत होता. धुळ्याहून आईच होती, भागाबाई.

"काय व माय, कशी शे तू?"

"आई, मना जीव घाबरा व्हई राहिना," डिंपल म्हणाली. आईशी अहिराणीत बोलताना तिला नेहमी रडू यायचं. आज डोळ्यांत तेवढंही पाणी नव्हतं.

"दवाखानामा नेलं का नई?"

"कानबाई बठेल शे ना."

भागाबाईंच्याही घरी कानबाई बसलेली होती. मागून बायांची गाणी ऐकू येत होती. तरी सगळं टाकून निघायची तयारी करत त्या म्हणाल्या, "मना घर बी शे. बठ्ठं सोडीन मी आते निंघस. कानबाई माय शे, डिंपल. माय पोरनी वाट अडावस का? दे, तुनी सासूले फोन दे."

डिंपल उठली. भिंत धरून, मग दार धरून, मग टेबल धरून ती बैठकीत आली. फोन तिच्या हातात चालूच होता, पण तिनं तो कुणाला दिला नाही. आईनं येऊन भांडावं आणि आपण मागे उभं राहावं, हे तिला नको वाटलं. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"आई," ती सुनंदाबाईंना म्हणाली, "मला न्या."

"अगं, बस आधी. पडशील."

"मला भीती वाटते. सगळे बाळाचं बोलतात. मला बाळाची नाही, माझीच भीती वाटते. मी मरेन असं वाटतं मला." ती जमिनीवरच बसली, कारण खुर्चीपर्यंत जाणं झालं नाही. "ताईंना नका बोलू. त्या तीन रात्री जाग्या आहेत माझ्यापायी."

सुनंदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ओठ पांढरे पडले होते, डोळे आत गेले होते. पंधरा दिवस त्या या पोरीला मोरीत जाताना आणि मोरीतून येताना पाहत होत्या. समोर बसवून, तोंडाकडे नीट, आज पाहत होत्या. बोदवडला पोहोचल्यावर आपल्याला जे वाटलं होतं ते त्यांना एकदम आठवलं, आणि त्या उठल्या.

त्यांनी कानबाईपुढे हळदकुंकू वाहिलं, पदर पसरून नमस्कार केला. बोलल्या त्या नारळाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माय, पहिला पाय माझा. दोष लागला तर मले लाव. या पोरीले लावू नको आणि त्या दुसरीलेही नको." मग हितेंद्रकडे वळल्या. "किल्ली काढ खिशातून. किती वेळची दाबून धरली आहे."

आणि त्या चपला घालून उंबऱ्याबाहेर गेल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर जाऊन एक क्षण नुसत्या उभ्या राहिल्या, काही होतंय का ते पाहत असल्यासारख्या. काही झालं नाही. बेबाबाई ओट्यावरून बघत होत्या, तेवढंच.

मोहिनी आणि हितेंद्रनं डिंपलला उचलून आणलं. टेबलावरच्या फोनमधून भागाबाई अजून "हॅलो, हॅलो" करत होत्या. आबांनी तो कानाला लावला. "निघाले ते. तुम्ही घाबरू नका, अक्का," ते म्हणाले, आणि दारात येऊन बायकोला म्हणाले, "जा तू. रोटांचं मी आणि योगराज पाहतो."

"तुम्हाले वरचं तूप कुठं ठेवलं ते तरी माहीत आहे का?"

"शोधीन."

*

दवाखान्यात फार वेळ लागला नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तोडून टाकणाऱ्या, पण हात हलका होता. लघवी तपासली, रक्त काढलं, सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके पडद्यावर लुकलुकताना दिसले तेव्हा हितेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाळ ठीक आहे. आईचं पाणी पार संपलंय," बाई म्हणाल्या. "आज-उद्या सलाईन चालेल. मागे दिलेल्या गोळ्या घेतल्या का?"

डिंपलनं सासूकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. पण सुनंदाबाईच म्हणाल्या, "मी बंद केल्या. बाळाले लागतील वाटलं. कपाटावर आहेत."

"त्यानं बाळाला काही होत नाही, आजी. न खाल्ल्या-प्यायल्यानं आईला होतं." बाईंनी पट्ट्याकडे पाहिलं. "हा कुणी बांधला?"

"मी," मोहिनी म्हणाली.

"जागा बरोबर धरलीत. राहू द्या, पुष्कळ जणींना बरं वाटतं. पण एवढ्यावर थांबला नाहीत ते चांगलं केलंत. उद्यावर गेलं असतं तर जड गेलं असतं."

मोहिनीनं मान हलवली. सुनंदाबाई खाली फरशीकडे बघत होत्या.

हितेंद्र औषधं आणायला गेला. साडेपाच वाजले होते. बाहेर कुठेतरी दुसऱ्या घरच्या कानबाईचा लाऊडस्पीकर चालू होता. दुसरी बाटली लागली होती, आणि डिंपल डोळे मिटून पडली होती. खाटेच्या एका बाजूला सुनंदाबाई, दुसऱ्या बाजूला भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत मोहिनी. घरून निघाल्यापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सुनंदाबाईंना बसवेना. आज दुपारी आपण काय बोललो ते त्यांना शब्दासकट ऐकू येत होतं. आणि त्याच्यामागून सहा वर्षांपूर्वीचं येत होतं. तेव्हाही मोहिनी अशीच खोलीत पडली होती, आणि आपण दारातून बोलून पुढे गेलो होतो. केळीची गाडी भरायची होती त्या दिवशी. आत जाऊन कपाळाला हात लावायला किती वेळ लागला असता? त्यांना स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त थकवा आला.

"मोहिनी," त्या म्हणाल्या. नजर सलाईनच्या बाटलीवर ठेवली; तिच्या तोंडाकडे बघून बोलणं झालं नसतं. "आज मी जे बोलले ते माणसानं बोलू नये. तुझ्या मनात तसं काही नाही, मले माहीत आहे. माझ्याच मनात होतं ते."

थेंब पडत होते. त्या थांबल्या, पुन्हा बोलल्या.

"आणि तव्हा बी. चार दिवस तू आत होती. मी दारातूनच 'पड' म्हणाले. डॉक्टर काही सांगो, पोर राहिलं नसतं तर नसतं. पण तू एकटी होती ते काही डॉक्टरनं केलं नाही. ते मी केलं. माझं चुकलं, मोहिनी. सहा वर्षं झाली, मले बोलायचं होतं, जीभ उचलत नव्हती." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "बोल काही तरी. रागाव पाहिजे तर. मी ऐकून घेते."

उत्तर आलं नाही. सुनंदाबाईंनी वाट पाहिली. राग तर असणारच, त्यांनी मनाशी म्हटलं, एवढ्यावर कसा जाईल.

"आई," खाटेवरून डिंपल म्हणाली. तिचे डोळे आता उघडे होते, आवाज बसलेला होता. "त्या झोपल्यात."

सुनंदाबाईंनी मान वळवली. मोहिनीचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. ती गाढ झोपली होती.

"कव्हापासून?"

"तुम्ही बोलायच्या आधीपासून."

एवढं एकदा बोलायला सुनंदाबाईंना सहा वर्षं लागली होती. पुन्हा तेवढंच बोलायचं म्हणजे आपल्याच्यानं होईल असं त्यांना वाटेना.

"तू ऐकलं ना सगळं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मग झालं तर. ती उठली की तू सांग तिले. मी बोलले म्हणून."

"मी नाही सांगणार," डिंपल म्हणाली. दम लागला म्हणून जरा थांबली. "तुम्हीच सांगा. तुम्ही टाळलंत तर मी आठवण करून देईन."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दीड वर्षात ही पोर त्यांना एवढं कधी बोलली नव्हती. रागवायला हवं होतं, पण राग आला नाही. कोपऱ्यातलं स्टूल त्यांनी आवाज न करता उचललं, मोहिनीच्या अगदी समोर आणून ठेवलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत ती उठायची वाट पाहत बसल्या.